सर्वेक्षणाचे निकाल वस्तीत कसे सांगायचे? जिल्ह्याचा आकडा, बोअरचं पाणी आणि विडी वळणाऱ्यांचं कोटिनिन

पूर्वभाग_आरोग्यगट

नमस्कार. सोलापूरचा पूर्व भाग आणि कुंभारीचं विडी घरकुल इथे तपासण्यांचे निकाल लोकांना परत सांगायचे आहेत. हातात तीन तऱ्हेचे कागद आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं, म्हणजे एनएफएचएस-५ चं, सोलापूर जिल्ह्याचं तथ्यपत्रक. वस्तीतल्या बोअरच्या आणि घरात साठवलेल्या पाण्याच्या तपासण्या. आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या लघवीतल्या कोटिनिनचे, म्हणजे तंबाखू अंगात गेल्याच्या खुणेचे, निकाल, एकेकीच्या नावाने.

अडचणी अशा: जिल्ह्याचा रक्तक्षयाचा टक्का "आपल्या वस्तीत इतक्या जणी" असा सांगता येतो का? कोटिनिनच्या आकड्यावर "मग हा जास्त का?" असं विचारलं तर उत्तर काय द्यायचं? पाण्याच्या कागदावर लोक फक्त टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, बघतात, बाकीचं कसं समजवायचं? आणि आधी सभा घ्यायची की आधी घरोघरी कागद द्यायचे? बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, काही ठिकाणी कन्नड आणि उर्दू. कागद मात्र सगळे मराठीत आहेत.

नमुनाचौकट

पहिल्याचं उत्तर: नाही, सांगता येत नाही. का ते नीट समजून घ्या, कारण सभेत हा प्रश्न येणारच.

एनएफएचएस-५ मध्ये देशातले ७०७ जिल्हे, ३०,४५६ समूह (समूह म्हणजे नमुन्यासाठी निवडलेलं गाव किंवा शहरातला छोटा भाग) आणि ६,३६,६९९ घरं होती. भागाकार केला तर जिल्ह्यामागे सरासरी ४३ समूह आणि सुमारे ९०० घरं येतात. एका समूहातून २२ घरं निवडतात. इकडे सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे ४३ लाख माणसं. माळशिरसचा ऊसपट्टा, सांगोला-मंगळवेढ्याचा अवर्षणी भाग, पंढरपूर, बार्शी आणि शहरातले यंत्रमाग या सगळ्यांचा मिळून तो एक टक्का आहे. त्यात तुमचं घरकुल किती आहे, आहे की नाही, हे त्या कागदावरून कळतच नाही.

आता हिशेब. जिल्ह्यात साधारण १,००० बायका तपासल्या आणि टक्का ५४ आला असं धरा. साध्या सूत्राने चूक निघते वरखाली ३ टक्के. पण घरं समूहासमूहाने घेतलेली असतात, एका गल्लीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, म्हणून चूक वाढून ४ च्या आसपास जाते. खरा आकडा ५० ते ५८ मध्ये कुठेही असू शकतो. हाच हिशेब एका समूहातल्या २२ बायकांवर करा: ५४, वरखाली २१. म्हणजे ३३ ते ७५. एवढ्या रुंद पट्ट्यातून वस्तीबद्दल काही बोलणं म्हणजे लोकांना फसवणं.

मागच्या फेरीशी तुलना करतानाही हेच. दोन्ही फेऱ्यांची चूक एकत्र धरली की जिल्ह्याच्या पातळीवर पाच-सहा टक्क्यांच्या आतला फरक "वाढला" किंवा "घटला" म्हणून सांगू नका. राज्याचा नमुना मोठा असतो, तिथे बोलता येतं: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांतला रक्तक्षय चौथ्या फेरीत ४८.० टक्के होता, पाचवीत ५४.२.

तथ्यपत्रक वाचताना तळटीप बघा. कंसातला आकडा २५ ते ४९ जणांवर काढलेला असतो, आणि चांदणी असेल तिथे २५ पेक्षाही कमी जण होते म्हणून आकडा छापलेलाच नाही. कंसातले आकडे सभेत नेऊच नका.

एक मोह आणखी टाळा. सर्वेक्षणाची नकाशावरची ठिकाणं मिळतात, पण ती मुद्दाम सरकवलेली असतात: शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात ५ पर्यंत, आणि खेड्यातली शंभरातली एखादी १० पर्यंत. "हा ठिपका आपल्या दत्तनगरावर पडतोय" याला अर्थ नाही. भाग घेणाऱ्यांची ओळख झाकायलाच ते केलेलं आहे.

सांगायचं वाक्य मग असं ठेवा: "२०१९ मध्ये, कोविडच्या आधी, सोलापूर जिल्ह्यातल्या सुमारे हजार बायकांचं रक्त तपासलं होतं. दर दहाजणींत इतक्या जणींचं रक्त कमी निघालं. आपल्या वस्तीचा आकडा यात वेगळा नाही. तुमचं स्वतःचं किती, ते आज इथे तपासून कळेल." शेवटचं वाक्य खरं करता येत असेल तरच बोला. तपासणीची सोय नसलेल्या सभेत रक्तक्षयाचा टक्का सांगून लोकांना नुसती काळजी लागते. आणि दिवसाला हजाराच्या हिशेबात विड्या मोजून देणाऱ्या बाईला शेकडेवारी अवघड जात नाही. अडतं ते "हे शंभर कोण?" या प्रश्नाशी. तिथे वेळ द्या.

कागदावरच्या साखरेबद्दल एवढंच: तिथला "१४० च्या वर" हा आकडा जेवणाच्या वेळेचा विचार न करता घेतलेल्या साखरेचा आहे. त्याला मधुमेह म्हणू नका. निदानासाठी उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ असे वेगळे निकष आहेत.

प्रयोगशाळा_टेबल

कोटिनिनबद्दल. तंबाखूतलं निकोटिन शरीरात गेलं की यकृत त्याचं कोटिनिन करतं. विडी वळताना ते बोटांच्या कातडीतून, हवेतल्या भुकटीतून आणि न धुतलेल्या हाताने तोंडात जातं. कोटिनिनचं अर्धायुष्य साधारण १६ ते २० तास. म्हणून हा निकाल मागच्या दोन-तीन दिवसांचा आहे, दहा वर्षांच्या कामाचा नव्हे. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी नमुना घेतला असेल तर आकडा कमी दिसेल. नमुना कोणत्या दिवशी घेतला आणि त्याआधी काम चालू होतं का, हे प्रत्येक कागदावर लिहिलेलं हवं. नसेल तर दोन शेजारणींचे कागद एकमेकांशी जुळवू नका.

पट्टीच्या किटने तपासलं असेल तर विशेष सांभाळा. बऱ्याच पट्ट्यांची रेषा २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर असते आणि ती ओढणारा आणि न ओढणारा वेगळा काढण्यासाठी आखलेली आहे. तंबाखूला तोंड न लावणारी, पण दिवसभर विड्या वळणारी बाई त्या रेषेच्या वर जाऊ शकते. कागदावर "पॉझिटिव्ह" छापून गेलं तर घरात अर्थ निघेल की ही चोरून तंबाखू खाते. तो शब्द काढून टाका, आकडा आणि एकक ठेवा. उलट बाजूने, मिश्री लावणाऱ्या बाईचं कोटिनिन कामाचं किती आणि मिश्रीचं किती, हे निकाल सांगू शकत नाही. मिश्री, पानतंबाखू, घरात कोणी ओढतं का, हे प्रश्न नमुना घेतानाच विचारलेले असले तरच पुढचं बोलणं शक्य आहे.

तिसरी चूक एप्रिल-मे मध्ये हमखास होते. सोलापूरच्या उन्हात बाया पाणी कमी पितात, लघवी दाट होते आणि प्रति लिटर आकडा फुगतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच नमुन्यात क्रिएटिनिन (शरीर लघवीतून रोज साधारण सारखंच टाकतं तो पदार्थ) मोजून कोटिनिन प्रति ग्रॅम क्रिएटिनिन असं लिहिणं. क्रिएटिनिन ०.३ ग्रॅम प्रति लिटरच्या खाली किंवा ३ च्या वर असेल तर तो नमुना फार पातळ किंवा फार दाट आहे, पुन्हा घ्या.

"जास्त का?" याला उत्तर देण्यासाठी तीन वेगळ्या रेषा मनात स्वच्छ हव्यात. एक संदर्भरेषा: सर्वसाधारण लोकांत किती आढळतं. दुसरी कामाच्या जागेची मर्यादा. तिसरी, ज्याच्या वर इलाज किंवा शोध सुरू करायचा ती. लोक या तिन्हींना "नॉर्मल" म्हणतात. शिशाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भरेषा २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे, आधी ५ होती. ती त्यांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांच्या आकड्यांवरून ठरते: शंभरातली साडेसत्त्याण्णव मुलं तिच्या खाली आहेत, एवढाच तिचा अर्थ. ३.४ म्हणजे सुरक्षित असं तिथेही कोणी म्हणत नाही. कोटिनिनला तर "इथून पुढे आजार" अशी रेषाच नाही. म्हणून बाईला सांगायचं ते असं: "तंबाखू तुमच्या अंगात जातोय, हे यात दिसतं. किती आजार होईल हे यात दिसत नाही. अंगात जाणं कमी करता येतं, आणि पुन्हा तपासलं की फरक दिसतो."

अर्धायुष्य छोटं असल्याचा फायदा इथे आहे. सवयी बदलून आठवड्याने तपासलं तरी आकडा हलतो.

आकडेमोड_सोलापूर

माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या निकालाला मर्यादाच नाही तो एकेकीच्या हातात कशाला द्यायचा? गटाची सरासरी सांगावी, उपाय सांगावेत, बस. नाहीतर बाई तो कागद घेऊन डॉक्टरकडे जाईल, डॉक्टरला काय करायचं ते कळणार नाही, आणि तिचे पैसे आणि मजुरीचा दिवस जाईल.

घरोघर

डॉक्टरबद्दलची काळजी बरोबर आहे, पण त्यासाठी निकाल दडवणं योग्य नाही. लघवी तिची आहे, तिने मागितला तर आकडा तिला मिळालाच पाहिजे. मागितला तर, हे महत्त्वाचं. नमुना घेताना दोन प्रश्न विचारून ठेवायचे: निकाल हवा का, आणि कोणाच्या हाती द्यायचा. काहीजणी नको म्हणतात, त्यांना तो हक्क आहे. कागदाच्या खाली दोन ओळी डॉक्टरसाठी लिहा: हा संपर्काचा निर्देशक आहे, याला औषध नाही, अमुक लक्षणं असतील तर अमुक तपासा. मग मजुरीचा दिवस फुकट जात नाही.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी तातडीचे निकाल, आणि ते त्याच दिवशी, फोनने किंवा समक्ष. गरोदर बाई किंवा लहान मुलाचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली, इतर बायकांचं ८ च्या खाली, रक्तदाब १८०/११० किंवा वर. यांना छापील कागदाची वाट बघायला लावू नका. सोबत चिठ्ठी द्या आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला कोणाला भेटायचं ते आधी ठरवून ठेवा.

मग वैयक्तिक निकाल, बंद पाकिटात, जिच्या नावाचा तिच्याच हातात. सासूकडे नाही, नवऱ्याकडे नाही, तंबाखू-पान देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे तर मुळीच नाही. विडी वळणाऱ्या बायकांची पहिली भीती काम जाण्याची असते, म्हणून "हा कागद कारखान्याकडे जाणार नाही" हे वाक्य आपणहून, विचारायच्या आधी म्हणा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर निकालाचा फोटो टाकू नये, हे कार्यकर्त्यांकडून आधी कबूल करून घ्या.

वैयक्तिक निकाल सगळ्यांना पोचल्यावर वस्तीची सभा. त्यानंतर महापालिकेचे अधिकारी, आणि वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की बाईला तिच्या अंगातल्या तंबाखूची बातमी पेपरातून कळते, आणि पुढच्या वेळी ती दार उघडत नाही. सभेत गटाचा आकडा सांगतानाही पाच-सात जणींचा गट करू नका. "अमुक गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या बायका" म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

भाषेबद्दल. घरी तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी बायका मराठी शाळेत शिकल्या आहेत, काही तेलुगू शाळेत, काही शाळेतच गेलेल्या नाहीत. त्यामुळे कागद तेलुगूत छापला की काम झालं असं समजू नका. तोंडी सांगणं मुख्य, कागद आठवणीपुरता. एकीने मराठीवरून तेलुगूत सांगावं, आणि मराठी मजकूर न पाहिलेल्या दुसरीने ते ऐकून परत मराठीत सांगावं. फरक लगेच कानावर येतो. "संपर्क" हा शब्द हमखास घसरतो, भेटीगाठी असा अर्थ होतो. "अंगात जाणं" म्हणा. रक्तक्षयाला "रक्त कमी" म्हणा, तेलुगूत "रक्तम् तक्कुव" सगळ्यांना कळतं. आणि माल जमा करायच्या वेळेला सभा ठेवू नका.

उपाय असे सांगा जे त्याच घरात जमतात. हातमोजे घालून विडी वळता येत नाही, ते सांगायच्या फंदात पडू नका. स्वयंपाकाआधी आणि बाळाला घेण्याआधी साबणाने हात, नखांसकट. तंबाखूचं सूप आणि पिशवी जिथे झोपतात त्या खोलीत, निदान उशाशी तरी, नको. भुकटी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण झाडली की ती हवेत उठते. वळताना अंगावर एक वेगळं कापड, ते मुलांच्या कपड्यांत धुवू नये. बसायचं दाराशी किंवा खिडकीशी. रांगणारं मूल सुपापासून लांब.

पाणीनमुना

टीडीएसचं मीटर स्वस्त झालं आणि लोकांना वाटायला लागलं की तोच पाण्याचा निकाल. टीडीएस फक्त किती क्षार विरघळलेत ते सांगतं. आयएस १०५०० या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं आहे. ८५० टीडीएसचं बोअरचं पाणी चवीला मचूळ, भांड्यावर पांढरं साचवणारं, पण तेवढ्यावरून आरोग्याला वाईट म्हणता येत नाही. उलट टीडीएस ४०० असून नायट्रेट ७० असू शकतं.

नायट्रेटला ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे आणि तिला सवलत नाही. फ्लोराइड १.० स्वीकार्य, १.५ कमाल. प्रयोगशाळेच्या कागदावर नायट्रेट कोणत्या रूपात लिहिलंय ते आधी तपासा. काही ठिकाणी "नायट्रेट नायट्रोजन" लिहितात, त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. कागदावरचं १२ म्हणजे खरं तर ५३, मर्यादेच्या वर. हा गोंधळ फार होतो आणि त्यातून दूषित बोअर चांगली ठरते.

लोकांना सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध पावडरीचं देत असतील तर असल्या पाण्यात कालवू नका, बाळ निळसर पडू शकतं. त्या घरी तरी नळाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरायला सांगा.

साठवलेल्या पाण्याचा निकाल वेगळ्या कागदावर द्या. शहरात नळ काही दिवसांआड येतो, पिंप आणि हौद भरून ठेवतात. नळाला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असलं तरी तिसऱ्या दिवशी पिंपात काही उरत नाही. क्लोरीन बघायची ओटी टेस्ट नळावर केली की पिंपावर, आणि पाणी येऊन किती दिवस झाले होते, हे लिहिलं नसेल तर त्या निकालावरून महापालिकेला दोष देता येत नाही आणि घरातल्या बाईलाही नाही. जंतूंसाठीचा नमुना सोडियम थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात, २४ तासांच्या आत पोचला नसेल तर तो निकाल सांगूच नका, परत घ्या.

बोअर वाईट निघाली तर सभेत जागा सांगा, घरमालकाचं नाव नको. त्याला आदल्या दिवशी भेटून कागद दाखवा. सभेत पहिल्यांदा कळलं तर तो बोअरला कुलूप लावेल आणि भाडेकरूंचं वापरायचं पाणीही जाईल.

पूर्वभाग_आरोग्यगट

खूप उपयोग झाला. सभेसाठी दोन वाक्यं अशी केली आहेत, चूक असेल तर सांगा. "ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांना धुराचा त्रास नाही, जिल्ह्याच्या कागदाप्रमाणे बहुतेक घरं स्वच्छ इंधनावर आहेत." आणि कोटिनिनच्या कमी आकड्यासाठी: "तुमचा निकाल नॉर्मल आहे."

नमुनाचौकट

दोन्ही बदला. सर्वेक्षणात स्वयंपाकाचं मुख्य इंधन विचारतात. गॅस, वीज किंवा बायोगॅस असं उत्तर आलं की घर स्वच्छ इंधनात मोजलं जातं. त्याच घरात भाकरी चुलीवर होते, अंघोळीचं पाणी बंबात तापतं, बंबात लाकूड, चिपाडं, कधी चिंध्या आणि प्लॅस्टिक जातं. त्या धुराची मोजणी या टक्क्यात नाही. सभेत असं विचारा: "काल घरात काय काय पेटवलं?" बंब खोलीबाहेर ठेवणं आणि त्यात प्लॅस्टिक न घालणं, या दोन गोष्टी पैशाशिवाय होतात. बाहेरच्या हवेबद्दल कोणी विचारलं तर सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे आणि बारीक धुळीची, म्हणजे पीएम २.५ ची, भारतीय वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, एवढं ठामपणे सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेची ५ आहे. पण शहरातल्या एका केंद्राचा आकडा यंत्रमागाच्या शेडमधल्या हवेला लावू नका, तिथे कापसाची धूळ वेगळीच.

प्रयोगशाळा_टेबल

दुसऱ्या वाक्यात "नॉर्मल" नको. "या तपासणीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत तुमच्या अंगात तंबाखू इतरांपेक्षा कमी गेला" असं लिहा, आणि शेजारी नमुन्याची तारीख व त्या दिवसांत विड्या वळल्या होत्या का ते. ज्या बाईने त्या आठवड्यात आजारपणामुळे काम केलंच नव्हतं, तिच्या पाकिटात हे वाक्यही घालू नका. तिचा नमुना काम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी परत घ्या.